‘रूपांतर’ हा शब्द जरा जपून : पॅरिसच्या एका संग्रहालयाबद्दल

रिसर्च प्रपोजलमध्ये तुम्ही ‘जुन्या वास्तूचं कला-संग्रहालयात रूपांतर’ असं लिहिलं असेल, तर जरा थांबा. ‘रूपांतर’ हा निष्कर्ष आहे. तो आधी सिद्ध करावा लागतो. पॅरिसमधल्या ‘बूर्स द कोमेर्स’चं उदाहरण घेऊ.

अठराव्या शतकात ही गोल इमारत धान्यबाजार म्हणून बांधली गेली. १८८९ मध्ये तिथे वस्तूंच्या सौद्यांचा बाजार सुरू झाला. २०२१ पासून तिथे उद्योगपती फ्रांस्वा पिनो यांच्या संग्रहातली आधुनिक आणि समकालीन कला दिसते. संग्रह खासगी असला तरी इमारत शहराच्या मालकीची आहे. ती ५० वर्षांच्या कराराने दिलेली आहे. म्हणजे ‘खासगी संग्रहालय’ हेही अर्धंच खरं.

वास्तुरचनाकार तादाओ आंदो यांनी आत ९ मीटर उंच आणि २९ मीटर व्यासाची काँक्रीटची गोल भिंत उभारली. काम देखणं आहे, यात वाद नाही. भिंत इतकी साधी की नजर आपोआप वर, घुमटाच्या कडेने फिरणाऱ्या १८८९ च्या चित्राकडे जाते. त्यात जगभरच्या व्यापाराचा गौरव आहे, तोही वसाहतींच्या ऐन भराच्या काळातला. माझा आक्षेप इथेच आहे. जीर्णोद्धार आणि सुंदर चौकट मिळाल्यावर हे चित्र नुसती सजावट वाटू लागतं. आपण मान वर करतो, फोटो काढतो आणि पुढे जातो.

आता दुसरी गोष्ट बघा. ‘क्रिस्टीज’ ही लिलाव-कंपनी १९९८ पासून पिनो कुटुंबाच्या समूहाकडे आहे. मग या इमारतीतून व्यापार खरंच गेला, की फक्त माल बदलला?

पण इथेच थांबलात तर तो नुसता आरोप होईल, संशोधन नाही. एकाच माणसाकडे संग्रहालय आणि लिलाव-कंपनी आहे, एवढ्यावरून एकाचा दुसऱ्याला फायदा होतो हे सिद्ध होत नाही. त्यासाठी इथे मांडलेल्या कलाकारांच्या लिलावातल्या किमती प्रदर्शनाआधी आणि नंतर तपासाव्या लागतील. शिवाय, त्याच काळात इथे न मांडलेल्या तशाच कलाकारांशी तुलना करावी लागेल. चित्राबद्दलचा माझा आक्षेपही प्रेक्षकांशी बोलून, माहितीफलक वाचून तपासायला हवा.

तुमच्या विषयातली इमारत कुठलीही असो, तीन प्रश्न विचारा: काय राखलं, काय झाकलं, आणि आपल्याला कुठे उभं करून बघायला लावलं? प्रपोजलची सुरुवात तिथून करा.