भाडेकरूची नादारी आणि भाड्याचे दायित्व

नादार भाडेकरूकडून मालकाने भाडे केव्हा व कसे मागावे, हा प्रश्न वरकरणी केवळ वसुलीचा वाटतो. वस्तुतः करारपालन आणि सर्व धनकोंची सामुदायिक व्यवस्था या दोन तत्त्वांमधील तो विरोध आहे.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचा कल मालकाकडे आहे. पट्टेदार नादार ठरल्यास मालकाने जागेत पुनःप्रवेश करावा अशी अट पट्ट्यात असेल, तर कलम १११ अन्वये पट्टा संपुष्टात आणता येतो. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने कंपन्यांपुरती ही बाजू उलटविली. कंपनीविरुद्धचा अर्ज दाखल करून घेतला जाताच कलम १४ ची स्थगिती लागू होते आणि कंपनीच्या वहिवाटीतील जागा मालकास परत घेता येत नाही. गोरेगाव येथील म्हाडाच्या जमिनीसंबंधीच्या २०२० च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने या संरक्षणासाठी प्रत्यक्ष वहिवाट पुरेशी मानली. हेतू रास्त आहे. जागाच गेली तर उद्योग सावरणार कोठे?

या स्थगितीमुळे भाड्याचे दोन भाग पडतात. स्थगितीपूर्वीची थकबाकी हे इतरांसारखे एक ऋण होय. ते परिचालन ऋण आहे किंवा कसे, याविषयी अपील न्यायाधिकरणाचे निर्णय परस्परविरोधी होते. २०२२ मध्ये पाच सदस्यांच्या पीठाने होकारार्थी कौल दिला. तथापि कंपनीचे परिसमापन झाल्यास कलम ५३ च्या क्रमात हे ऋण कामगार, तारणधारी धनको व शासन यांच्या खालीच राहते. स्थगितीमुळे मालकास देय होणारी रक्कम मात्र प्रक्रियेचा खर्च गणली जाते व तिला सर्वांआधी स्थान मिळते.

ही विभागणी तर्कशुद्ध आहे. दोष आहे तो दुसऱ्या भागाच्या व्यवस्थेत. क्रमातील अग्रता म्हणजे कालातील अग्रता नव्हे. प्रक्रिया संपेपर्यंत मालकास ना जागा मिळते, ना मासिक भाड्याची हमी. कर्ज देण्याची इच्छा नसताना तो नादार कंपनीचा सावकार बनतो.

संहितेस हा अन्याय अपरिचित आहे असेही नाही. २०२० च्या दुरुस्तीने अत्यावश्यक पुरवठा खंडित करण्यास मनाई केली. पण स्थगितीकाळातील देयके थकल्यास पुरवठादारास त्यातून मोकळीक दिली. शासकीय परवान्यांचे संरक्षणही चालू देणी भरण्याच्या अटीवरच दिले. जागेच्या मालकास तेवढी ही सवलत नाही. अमेरिकेच्या दिवाळखोरी संहितेत, पट्टा स्वीकारावा की नाकारावा याचा निर्णय होईपर्यंत अनिवासी जागेच्या पट्ट्याखालील दायित्वे वेळेवर पार पाडण्याचे बंधन विश्वस्तावर आहे.

चालू भाडे भरण्यात रोकड खर्ची पडेल, हा आक्षेप टिकणारा नाही. उद्योग वाचल्याने ज्यांचा लाभ व्हावयाचा, त्या धनकोंनीच त्याच्या निवाऱ्याचा खर्च सोसणे न्याय्य होय. पुरवठादारास दिलेला अपवाद मालकासही लागू केल्यास स्थगितीचा हेतू अबाधित राहील आणि तिचा भार योग्य खांद्यांवर जाईल.