बाकीचं माझ्याकडे लागलं

‘वाट पाहीन, पण एसटीनेच जाईन.’ सेवेविषयी मराठीत घडलेल्या ओळींमध्ये इतकी नेमकी उतरलेली दुसरी ओळ मला माहीत नाही. वरूडहून, काटोलहून पांढुर्ण्याकडे येणाऱ्या लाल गाडीसाठी फाट्यावर उभं राहिलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. ओळीत शब्द पाचच आहेत. ‘पाहीन’ला ‘जाईन’ येऊन मिळतं, तेही ओढूनताणून नाही, बोलता बोलता. ‘वाट’ म्हणजे रस्ताही आणि खोळंबाही, आणि एसटीच्या प्रवासात दोन्ही असतातच. शेवटी त्या ‘एसटीनेच’मधला ‘च’ आहे. जीप, काळीपिवळी, ट्रॅव्हल्स हे सगळे पर्याय समोर उभे आहेत आणि मी ते नाकारतो आहे, एवढं सगळं त्या एका अक्षरात सांगून होतं.

तरी ओळीचं खरं सौंदर्य मला आणखी एका ठिकाणी दिसतं. ती महामंडळाच्या तोंडी नाही, प्रवाशाच्या तोंडी आहे. 1 जून 1948 ला पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या या संस्थेला स्वतःबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ होतं. ओळीत मात्र ती स्वतःबद्दल चकार शब्द काढत नाही. बोलतो तो प्रवासी, आणि तो पहिल्या दोन शब्दांतच गाडी उशिरा येते हे मान्य करतो. कुठली व्यापारी संस्था आपल्या जाहिरातीत असा उणेपणा येऊ देईल? इथे तोच उणेपणा ‘पण’च्या आधाराने निष्ठेचा पुरावा होतो. ज्याच्यासाठी थांबावं असं वाटतं, ते आपलं असतं.

ही ओळ मी इथे काढली ती तिच्या अगदी उलट टोकाच्या सेवेचा विचार करताना. श्रीमंत पाहुण्यांची सगळी कामं अंगावर घेणाऱ्या कॉन्सिअर्ज सेवा आता भारतातल्या शहरांतही आहेत. विमानाचं ऐनवेळचं तिकीट, भरलेल्या हॉटेलातलं एक टेबल, रात्री लागलेला डॉक्टर, बायकोच्या वाढदिवसाला हवी असलेली एखादी दुर्मीळ वस्तू, हे सगळं एका फोनवर व्हावं म्हणून लोक वर्षाची फी भरतात. अशा सेवेसाठी ओळ लिहायला बसलेला माणूस बहुधा विशेषणांच्या डब्याकडे हात नेतो. अतुलनीय, राजेशाही, अविस्मरणीय, आणि शेवटी ‘अनुभव’. या ओळी फिक्या पडतात, कारण त्या कोणीच कोणाला म्हणत नसतं. त्यांना बोलणारं तोंडच नाही. ओळ तपासताना मी आधी एवढंच विचारतो: हे कोण बोलतंय, आणि कोणाशी?

या कसोटीला सोन्यासारखी उतरलेली ओळ रिट्झ-कार्लटन हॉटेलांची आहे: ‘वी आर लेडीज अँड जंटलमेन सर्व्हिंग लेडीज अँड जंटलमेन’. आम्ही सभ्य स्त्री-पुरुष आहोत आणि सभ्य स्त्री-पुरुषांची सेवा करतो. ती होर्स्ट शुल्झ यांची. जर्मनीतल्या एका खेड्यातला हा मुलगा चौदाव्या वर्षी घर सोडून हॉटेलात उमेदवारीला लागला. तिथल्या मुख्य वाढप्याची चालण्याबोलण्याची ऐट पाहून त्याच्या लक्षात आलं, की पाहुणे या माणसाला नोकर समजत नाहीत, उलट तो टेबलापाशी आला की त्यांनाच बरं वाटतं. हॉटेल शाळेत निबंध लिहायची वेळ आली तेव्हा त्याने हेच लिहिलं. पुढे 1983 मध्ये रिट्झ-कार्लटन कंपनी उभी राहिली तेव्हा शुल्झ तिच्या पहिल्या फळीत होते, आणि पोराच्या निबंधातला तो विचार कंपनीचं ब्रीद झाला.

या ओळीची रचना पाहा. मध्ये एकच क्रियापद, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तेच शब्द. वाढणारा आणि जेवणारा यांच्यासाठी वेगळी नावंच ठेवलेली नाहीत. वाक्य तराजूसारखं समतोल राहतं, आणि तो समतोल हाच त्याचा अर्थ. शिवाय ‘आम्ही’ म्हणणारी माणसं मालक नाहीत, खोल्या झाडणारी आणि सामान उचलणारी आहेत. ओळ पाहुण्यासाठी असल्यासारखी दिसते, पण तिचं पहिलं काम नोकरी करणाऱ्याची मान ताठ करणं हे आहे. तिला पाठबळही होतं. पाहुण्याची अडचण सोडवायला साध्या कर्मचाऱ्यालाही वरिष्ठांना न विचारता 2000 डॉलरपर्यंत खर्च करण्याची मुभा या कंपनीने दिली. असा अधिकार हातात नसता तर तीच ओळ गोड बोलून राबवून घेण्याची युक्ती ठरली असती. अमेरिकेत गुणवत्तेसाठी दिला जाणारा माल्कम बाल्ड्रिज पुरस्कार या कंपनीला 1992 आणि 1999 असा दोनदा मिळाला.

कॉन्सिअर्ज मंडळींची स्वतःची संघटना आहे, ले क्ले दॉर, म्हणजे सोन्याच्या किल्ल्या. 1929 मध्ये पॅरिसमध्ये ती सुरू झाली. सभासदाच्या कोटाच्या दोन्ही कॉलरांवर एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या किल्ल्या असतात. तिचं ब्रीद मैत्रीतून सेवा असं आहे. ओळ म्हणून ते शुल्झ यांच्या वाक्याइतकं बांधीव नाही, पण धंद्याचं मर्म त्यात आहे. पॅरिसमधला कॉन्सिअर्ज जे करू शकतो, ते दुसऱ्या शहरातल्या आपल्या माणसाला हक्काने फोन करू शकतो म्हणून.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. पांढुर्णा आणि सौसर ही मराठी बोलणारी गावं मध्य प्रदेशात. 1956 पर्यंत नागपूर हीच त्यांची राजधानी होती. पुढे नागपूर महाराष्ट्राकडे गेलं, छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला, आणि 2023 मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा निघाला. त्यामुळे इथल्या माणसाच्या कानावर दोन राज्यांच्या ओळी पडतात. एसटीची वर आलीच. दुसरी मध्य प्रदेश पर्यटनाची: ‘हिंदुस्तान का दिल देखो’. नकाशावरची जागा या ओळीने एका शब्दात भावनेत नेली, हे तिचं मोठं यश. ‘देखो’मध्ये आर्जव आहे, ओळखीच्या माणसाची सलगी आहे. शून्य मैलाचा दगड नागपुरात आहे आणि हृदयाचा दावा भोपाळचा, त्यामुळे या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात राहणाऱ्याला ती जास्तच जवळची वाटते. सेवेची ओळ म्हणून मात्र ती अपुरी आहे. पाहा म्हणणारा आहे, पण आल्यावर माझं कोण बघणार याचं उत्तर तिच्यात नाही. पर्यटनाला तेवढं पुरतं. सगळं दुसऱ्याच्या हवाली करून निर्धास्त होऊ पाहणाऱ्याला पुरत नाही.

ते उत्तर आमच्याकडे लग्नघरात मिळतं. कोठीच्या किल्ल्या ज्याच्या खिशात असतात तो मामा किंवा काका डोळ्यांपुढे आणा. जामसावळीच्या हनुमानाला नवस फेडायचा असेल आणि रोडगे-वांग्याच्या भाजीचा स्वयंपाक मांडायचा असेल, तरी हाच माणूस पुढे असतो. पुण्याकडून येणाऱ्या व्याह्यांची गाडी पहाटे पांढुर्णा स्टेशनात लागणार, एका आजीबाईंना बिनमिठाचं हवं, कोणाचं तरी औषध घरीच राहिलं. तो सगळं ऐकून घेतो आणि म्हणतो, ‘भाऊ, तुमी या फक्त. बाकीचं माझ्याकडे लागलं.’

उंची सेवेला याहून चांगली ओळ मी तरी सुचवू शकत नाही. तिचा काळ पाहा. काम अजून व्हायचं आहे, पण क्रियापद ‘लागेल’ नाही, ‘लागलं’ आहे. ऐकणाऱ्यापुरती काळजी त्याच क्षणी संपली. ‘बाकीचं’ म्हणताना तो काय काय करणार याची यादी देत नाही, म्हणून त्यातून काहीच सुटत नाही. आग्रह आहे, पण विनंतीचा वाकलेपणा नाही. बोलणारा यजमानाच्या घरचा आहे, पाहुण्याच्या बरोबरीचा आहे. जी समता शुल्झ यांना एकच शब्द दोनदा लिहून साधावी लागली, ती इथे नात्यातच आहे.

‘आमच्याकडे’ म्हटलं तर जास्त भारदस्त वाटेल, असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. ‘आमच्याकडे’ म्हटलं की कचेरी आली, आणि कचेरीत एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय आली. ‘माझ्याकडे’ म्हणणाऱ्याला ती पळवाट नाही. कंपनी कितीही मोठी असो, पाहुण्याला शेवटी एकच आवाज ऐकू येतो, आणि त्या आवाजाने ‘मी’ म्हणायला हवं. एसटीच्या ओळीतही क्रियापदं ‘मी’चीच आहेत, आणि तिचा जीव त्यांच्यात आहे.

आमच्या बाजूच्या मुलांना माझं सांगणं आहे. संत्र्याच्या बगिच्यात पाहुण्यांसाठी खोल्या बांधा, नाहीतर नागपुरात मोठ्या गिऱ्हाइकांची कामं करून देणारी कंपनी काढा. ओळीसाठी इंग्रजी विशेषणं विकत आणू नका, ही घरची ओळ खुशाल घ्या. फक्त तिच्याखाली एका माणसाचं नाव आणि फोन नंबर छापा. रात्री दोन वाजता तो फोन उचलला जाणार नसेल, तर ही ओळ घेऊ नका.