सेथ ईस्टमनची चित्रभाषा

सेथ ईस्टमन (१८०८–१८७५) या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याच्या चित्रांचा विचार बहुधा इतिहासाची साधने म्हणूनच होतो. चित्रे म्हणून त्यांचे मूल्यमापन करावयाचे झाल्यास त्याच्या शिक्षणापासून आरंभ करणे इष्ट होय.

वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयाचा १८२९चा हा पदवीधर १८३३ ते १८४० या काळात तेथेच रेखाटन शिकवीत असे. १८३७ मध्ये त्याने भूरेखाटनावर पाठ्यपुस्तकही लिहिले. लष्करी भूरेखाटन ही एक सांकेतिक लिपीच असते. टेकडी, दलदल, नदीचे वळण यांची चिन्हे ठरलेली असतात. वाचणाऱ्यास संदेह पडू नये, हा तिचा कस. पुढे १८४१ ते १८४८ या काळात, मिसिसिपी व मिनेसोटा या नद्यांच्या संगमावरील फोर्ट स्नेलिंग येथे असताना त्याने डकोटा लोकांचे जीवन रेखाटले. तेव्हा हीच शिस्त कामी आली. कॅटलिनच्या आवेशापुढे ईस्टमनचे जलरंग फिके वाटतील. पण त्यांतील नदीकाठ व वस्त्या अधिक विश्वसनीय आहेत.

तथापि या लिपीत काळ दाखविण्याची सोय नसते, आणि येथेच ईस्टमनची मर्यादा स्पष्ट होते. १८६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्याच्याकडे इंडियन जीवनावरील चित्रांचे काम सोपविले. तत्पूर्वी १८५१च्या करारांनी डकोटांची भूमी गेली होती; १८६२च्या युद्धानंतर सुमारे १,६०० डकोटा, बहुतांशी स्त्रिया, मुले व वृद्ध, त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी हिवाळाभर कोंडले गेले होते; आणि १८६३ मध्ये त्यांस मिनेसोटातून हद्दपार करण्यात आले होते. या चित्रांत मात्र स्त्रिया रानभात गोळा करीत आहेत, गोठलेल्या पाण्यावर भाल्याने मासेमारी चालली आहे. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे, तर जेथे भूतकाळ हवा तेथे रीतिवर्तमान योजिला आहे. ही चित्रे जुन्या रेखाटनांवरून केली, हा खुलासा रास्त आहे. परंतु पुरेसा नाही. लोक गेले आणि त्यांची रीत भिंतीवर राहिली, याची खूण चित्रात कोठेच नाही.

पहिल्या नेमणुकीत ईस्टमनने एका डकोटा स्त्रीशी संसार केला होता. बदली झाल्यावर तो तिला व मुलीला मागे ठेवून निघून गेला. त्या मुलीचा मुलगा चार्ल्स ईस्टमन, अर्थात ओहियेसा. १८६२ नंतरच्या निर्वासित बाल्याची हकीकत त्याने १९०२च्या आत्मकथनात सांगितली. आजोबांच्या चित्रांत नसलेला भूतकाळ नातवाच्या गद्यात सापडतो. म्हणून या चित्रांचा अभ्यास त्या गद्यासह करावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.