आंबटाची साक्ष

पाऊस ओसरून दर्या निवळला की पश्चिम किनाऱ्यावर सागरसफरीच्या बोटी फिरू लागतात. आश्विन-कार्तिकात मुंबईहून निघावे, मुरगावला एक दिवस उतरावे, कधी नव-मंगळूर गाठावे, पुढे कोची पाहावी आणि घरी परतावे, असा हा क्रम असतो. या सफरींच्या जाहिरातींत समुद्र, सूर्यास्त आणि नाचगाणे यांच्या जोडीला अलीकडे आणखी एक वचन छापलेले आढळते : प्रत्येक बंदरावर तेथील 'अस्सल प्रादेशिक भोजना'चा अनुभव. वचन दिसले की त्याची पूर्तता झाली की नाही हे तपासण्याची आमच्या व्यवसायाला खोडच असते. तेव्हा अशा एका सफरीवर आम्ही वकिली नजर घरी ठेवून गेलो नाही, हे वाचकांनी समजून घ्यावे.

बोटीवर अन्न वाईट शिजते, अशी आमची तक्रार नाही. ज्या बोटीने आम्ही दिवाळीच्या सुमारास प्रवास केला तिच्यावरील आचारी आपल्या कामात निष्णात होते. हजारभर माणसांना एकाच वेळी गरम जेवण वाढणे ही काही सोपी गोष्ट नव्हे. मुरगाव येण्याच्या आदल्या रात्री तेथे 'गोवन रात्र' साजरी झाली. कालवणात नारळ होता, मिरची होती, हळदीचा रंग होता, पुढे ठेवलेल्या पाटीवर माशाचे नावही होते. नव्हते ते आंबट. चव गोडसर, सौम्य, कोणाचेही मन न दुखावणारी. सोल नाही, तिरफळ नाही, काटा नाही, वास नाही. दोन दिवसांनी 'केरळ रात्र' झाली तेव्हा रंग थोडा फिकट झाला, कढीपत्ता वाढला, आणि चव होती तीच राहिली.

आमचे म्हणणे असे की, या किनाऱ्यावर एक प्रदेश दुसऱ्यापासून निराळा ओळखायचा तो नारळावरून नव्हे आणि मिरचीवरूनही नव्हे. ती दोन्ही मुंबईपासून कोचीपर्यंत सर्वत्र आहेत. ओळखायचा तो आंबटावरून. ज्या ताटातून आंबट काढून घेतले त्या ताटाची जन्मभूमीच काढून घेतली, असे आम्ही समजतो.

येथे थोडे विषयांतर करण्याची मुभा घेतो. मराठी भाषेने आंबटावर मोठाच अन्याय केला आहे. आपले तोंड आंबट होते ते नाराजीने, कोल्ह्याची द्राक्षे आंबट ठरतात ती अपयशाने, आणि 'आंबटशौकीन' या शब्दाचा अर्थ तर सभ्य मासिकात फोडून सांगण्याजोगा नाही. हे वाक्प्रचार घाटावर जन्मले असावेत असा आमचा दाट संशय आहे. ज्याच्या घरी रोज दुपारी सोलांची कढी होते तो माणूस असे बोलणार नाही.

आता किनाऱ्याने खाली उतरत जावे. मुंबईच्या कोळीवाड्यांत चिंच आणि कोकम दोन्ही चालतात. मालवण-वेंगुर्ल्याकडे आमसुलाचे राज्य सुरू होते, आणि बांगड्याच्या कालवणात तिरफळ त्याच्या शेजारी येऊन बसते. गोव्यात हिंदू घरांतून सोलां, ख्रिस्ती घरांतून त्यांच्या जोडीला माडाच्या सुरेचा शिर्का, म्हणजे तेथील विनागर. शिवाय बिमलां, आणि पावसाच्या अखेरीस बाजारात येणारे आंबाडे. मंगळुराकडे तुळू लोकांच्या 'बंगुडे पुळिमुंची' या पदार्थाच्या नावातच निकालपत्र लिहिलेले आहे : बंगुडे म्हणजे बांगडा, पुळि म्हणजे आंबट, मुंची म्हणजे मिरची. नारळाचा त्यात उल्लेखही नाही. आणि कोचीस पोहोचावे तो हाच पुळि शब्द कुडंपुळी होऊन भेटतो. काळीकुट्ट, सुरकुतलेली, हाताला धुराचा वास लावणारी ही फोड प्रथम पाहणाऱ्यास खाद्यवस्तू वाटणारच नाही.

कोकम आणि कुडंपुळी ही दोन्ही फळे गार्सिनिया या एकाच वनस्पतिवंशातील, भावंडेच म्हणावीत. परंतु कोकम भर उन्हाळ्यात पिकते, म्हणून ते अंगणात उन्हावर वाळते. कुडंपुळी पिकते ती पावसाळ्याच्या दिवसांत. तिला नुसत्या उन्हावर विसंबता येत नाही, धुराचा आधार घ्यावा लागतो. एवढ्या एका फरकाने एका किनाऱ्यावरील एकाच जातीच्या मासळीला एका टोकास उन्हाची चव लागते आणि दुसऱ्या टोकास धुराची. प्रदेश, प्रदेश म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

तथापि 'अस्सल' या शब्दाविषयी आमची अडचण याहून खोल आहे. बंदराचे जेवण शुद्ध एतद्देशीय कधीच नव्हते. विंदालूचेच पाहा. पोर्तुगीजांच्या घरी मांस वाइन आणि लसूण यांत मुरवून टिकवीत. त्या 'व्हिन्य द'आल्युश'चे गोव्यात विंदालू झाले. वाइनच्या जागी माडाचा शिर्का आला, आणि अमेरिकेतून पोर्तुगीजांनीच आणलेली मिरची त्यात पडली. म्हणजे या पदार्थातील आंबट हे दीर्घ प्रवासासाठी मांस टिकवण्याच्या गरजेतून आलेले आहे. ते बोटीचेच अपत्य आहे. काफ्रियालचे मूळ आफ्रिकेत सांगतात. गोव्याचा पोदेर आपले नावसुद्धा पोर्तुगीज भाषेतून घेऊन आला, आणि त्याने पाव फुगवला तो मात्र येथल्या सुरेने. जहाजांनी चार-पाचशे वर्षे आणून टाकलेल्या गोष्टी गावाने आपल्या आंबटात मुरवून घेतल्या, तेव्हा त्यांना गावकीचा हक्क मिळाला. आज त्याच समुद्रावरून जाणारी बोट तो आंबट गाळून उरलेले 'प्रादेशिक' म्हणून परत विकते, यातील विनोद संयोजकांच्या ध्यानात आलेला दिसत नाही. गोव्याबाहेर विंदालूच्या शेवटच्या अक्षरांत 'आलू' वाचून त्यात बटाटे घालण्याची रीत पडली आहे. दस्तऐवजाचा इतका सरळ विपर्यास कोणत्याही न्यायालयात टिकला नसता. आमच्या बोटीवरील विंदालूत बटाटे होते.

प्रतिपक्षाचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. बोटीचा शिधा बहुतांशी मूळ बंदरावरच भरला जातो. प्रत्येक धक्क्यावर हजार माणसांपुरती मासळी पारखून घेणे कोणाही मुदपाकखान्यास शक्य नाही. प्रवाशांत शाकाहारी पुष्कळ, जैन पुष्कळ, मुलेबाळे आणि वृद्धही पुष्कळ. त्या सर्वांना तिरफळाने जीभ बधिर करून घेण्याची सक्ती का करावी? हे सारे आम्हांस मान्य आहे. नक्कल विकण्यास आमची हरकत नाही. तिच्यावर मूळ दस्ताचा शिक्का मारू नये, एवढेच.

खरा प्रश्न पुढेच आहे. बोटीवर नाही तर नाही, बंदरावर उतरल्यावर तरी ते अन्न भेटते काय? येथे अडथळा चवीचा नसून घड्याळाचा आहे. आमची बोट मुरगावच्या धक्क्याला सकाळी आठच्या सुमारास लागली आणि सायंकाळी पाचला सुटली. सहलीच्या बसगाड्या जुन्या गोव्याच्या चर्चकडे आणि पणजीकडे धावल्या. बंदराला चिकटून असलेले वास्को शहर बहुतेकांनी खिडकीतूनच पाहिले. दुपारचे जेवण बोटीच्या तिकिटात आधीच चुकते झालेले असल्याने पुष्कळ मंडळी ते वसूल करण्यासाठी लगबगीने परतली. पोदेराची सायकल पहाटे आणि पुन्हा दिवस कलल्यावर गल्लीत फिरते. त्या दोन्ही वेळा बोटीच्या वेळापत्रकाबाहेर. राहता राहिली ती दुपारची वेळ. साडेबारा ते अडीच या अवधीत मासळीबाजाराच्या आसपासच्या कोणत्याही साध्या खानावळीत शिरावे. गोव्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि शरदात बांगडा भरात येतो. त्याची उडदामेथी, उकड्या तांदळाचे शीत, वर सोलकढी. तिरफळ चावायचे नसते, ते बाजूला काढायचे असते, हे वाढपी सांगत नाही. ते ज्याचे त्यास कळते.

दिवाळीच्या दिवसांतील गोव्याचे खरे प्रादेशिक अन्न मात्र त्या खानावळीतही नाही. नरकचतुर्दशीच्या सकाळी घरोघर फोव होतात : दुधातले, ताकातले, नारळाच्या रोसातले, गुळाचे, बटाट्याचे. ते खायला बोलावतात, विकत नाहीत. ज्याचा गोव्यात कोणी आप्त किंवा स्नेही नाही त्याने त्या दिवशी मुरगावला उतरून काय शोधावे? सहलीच्या पत्रकात याला उत्तर नाही, आणि असूही शकत नाही. पैशाने मिळणारे आणि ओळखीने मिळणारे यांतील ही सीमा कोणत्याही कंपनीला ओलांडता येणार नाही. ती आहे हे मान्य करण्याचा प्रामाणिकपणा तेवढा दाखवता येईल.

नव-मंगळुराविषयी फार लिहीत नाही. हे बंदर पणंबूर येथे, शहरापासून दूर; बसमधून उतरेपर्यंत निम्मा वेळ सरतो.

कोचीला मात्र थांबले पाहिजे. प्रवासी तेथे चिनी जाळी पाहतात, १५६८ साली बांधलेल्या परदेशी सिनेगॉगमधील फरशा पाहतात आणि मसाल्यांच्या दुकानांतून फिरतात. सिनेगॉगभोवतीचे स्वयंपाक मात्र आता पाहावयास मिळत नाहीत. तेथील बहुतेक ज्यू कुटुंबे इस्रायलला गेली. परंतु त्याच मट्टांचेरीच्या परिसरात, चेरळाई भागात, तिरुमल देवस्वमच्या मोठ्या देवळाभोवती आणखी एक परदेशी वसाहत शतकानुशतके नांदते आहे, आणि सहलीची बस तिच्याकडे वळत नाही. ती आपल्या माणसांची आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलातील धर्मच्छळाला कंटाळून गोव्याहून जी कोंकणी कुटुंबे दक्षिणेस गेली त्यांतली काही येथे स्थिरावली. आमची बोट ज्या मार्गाने मौजेसाठी गेली त्याच दिशेने ती माणसे जीव आणि देव घेऊन गेली होती.

एका परिचिताच्या ओळखीने तेथील एका घरी आम्ही दुपारी जेवलो. दाळीतोय होती; हिंगाची फोडणी, हिरवी मिरची, कांदा-लसूण नाही. आमच्या कसोटीला ती चकवा देते, कारण ती मुळी आंबट नाहीच. पण तिच्या शेजारी एक कडधान्याचे कालवण होते आणि त्यात तिरफळ होते. यजमानीणबाई त्यास तेप्पाळ म्हणत. घराबाहेर मल्याळम बोलणारी त्यांची नातवंडे पानावर बसली की 'तोय' आणि 'तेप्पाळ' हेच शब्द वापरीत. बाजारात आणि शाळेत जी भाषा मागे पडते ती पानावर टिकून राहते, हे आम्हांस तेथे जितके स्पष्ट दिसले तितके भाषेच्या वादांवरील कोणत्याही परिषदेत दिसले नव्हते. आणि हेच जेवण कोणी उद्या हॉटेलात मांडले तर त्याचे नाव 'केरळ थाळी' असे पडेल. बोटीवरच्या त्या पाट्यांना आमचा विरोध आहे तो यासाठी. चव बिघडली तर एक जेवण बिघडते. नाव पुसले तर चारशे वर्षांचा पुरावा जातो.

पुरावा हा शब्द आम्ही सहज वापरीत नाही. डच गव्हर्नर व्हान र्‍हेडे याने कोचीत राहून मलबारच्या वनस्पतींची जी बारा खंडांची नोंद करविली, ती 'होर्तुस मलाबारिकुस' या नावाने १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला छापली गेली. तिच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोचीच्या तीन कोंकणी वैद्यांचे १६७५ सालचे, नागरी लिपीतील प्रमाणपत्र छापलेले आहे. ग्रंथातील माहितीबद्दल त्यांनी दिलेली ती साक्षच आहे. त्याच पहिल्या खंडात, चित्रासह, कुडंपुळीही आहे. गोव्याहून सोलांची सवय घेऊन निघालेल्या लोकांच्या वंशजांनी दुसऱ्या किनाऱ्याच्या आंबटाच्या नोंदीला आपल्या अक्षरात हमी द्यावी, यापेक्षा उत्तम 'प्रादेशिक भोजनाचा अनुभव' आमच्या माहितीत नाही. बोटीच्या वाचनालयात या ग्रंथाचा एखादा उतारा भिंतीवर लावला असता तर बटाट्याचे विंदालूही आम्ही क्षमा केले असते.

संयोजकांस एक व्यवहार्य सूचना करतो. कालवण सौम्यच राहू द्यावे. परंतु मेजावर तीन लहान वाट्या ठेवाव्यात. एकीत सोलांचा आगळ, दुसरीत माडाचा शिर्का, तिसरीत कुडंपुळीचे पाणी. आणि प्रत्येकीवर गावाचे नाव. ज्याला नको त्याने हात लावू नये. मुरगावला दुपारचे जेवण बोटीवर न घेणाऱ्यास तिकिटात सूट द्यावी. कोचीच्या सहलीत चेरळाईचा अर्धा तास घालावा.

कोचीच्या त्या दुपारी बंदराकडे परतताना आम्ही एका लहानशा खाणावळीत मासळीची चौकशी केली. मातीच्या भांड्यात कुडंपुळी घातलेले लालभडक कालवण नुकतेच चुलीवरून उतरले होते. मालकाने ते वाढण्यास नाखुशी दाखवली. आज ते अर्धेच लागते म्हणाला, उद्या या. आमची बोट सहाला सुटणार होती.