खोक्यातलं बालपण

पुठ्ठ्याचं एक चपटं खोकं. झाकणाला सेलोफेनची खिडकी. खिडकीतून आपल्याकडे बघणारा पातळ प्लास्टिकचा मुखवटा: डोळ्यांच्या जागी दोन भोकं, नाकपुड्यांपाशी श्वासापुरती आणखी दोन, मागे इलॅस्टिकची दोरी, तीही स्टेपलच्या पिनांनी डकवलेली. मुखवट्याखाली घडी करून ठेवलेला चकचकीत, पातळ झगा. ३१ ऑक्टोबरच्या रात्री, हॅलोवीनला, असा वेश चढवून अमेरिकेतल्या मुलांच्या काही पिढ्या शेजारपाजारची दारं वाजवत हिंडल्या. ‘खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू’ अशा अर्थाचं ‘ट्रिक ऑर ट्रीट’ ओरडत त्यांनी पिशव्या भरून गोळ्या-चॉकलेटं घरी आणली.

आज हीच खोकी लिलावाच्या साइटवर विकायला असतात. ऑक्टोबर उजाडला की त्यांचे फोटो, ती उघडण्याचे व्हिडिओ, चाळीस वर्षांपूर्वीच्या कँडीच्या जाहिराती, भोपळ्याच्या आकाराच्या प्लास्टिकच्या बादल्या यांचा फोनवर पूर येतो. मीही ते तासन्‌तास बघते. मी अमेरिकेत वाढलेले नाही, हॅलोवीनला कुणाचं दार वाजवलेलं नाही. तरी त्या खोक्याकडे बघून काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. जे आपलं कधी नव्हतंच, ते हरवल्याची हुरहुर कुठून येते? आणि त्या हुरहुरीत नेमकं काय झाकलं जातं?

आधी ते खोकंच नीट बघू. अशा वेशांचं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे बेन कूपर. १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली ही कंपनी पुढे अमेरिकेतल्या हॅलोवीनच्या वेशांच्या तीन मोठ्या कंपन्यांपैकी एक झाली. कॉलेजव्हिल आणि हॅल्को या उरलेल्या दोन. बेन कूपरचं खरं कसब शिवणकामात नव्हतं, परवान्यांमध्ये होतं. डिस्नेची पात्रं, कॉमिक्समधले नायक, टीव्हीवरच्या मालिका, जे जे मुलांच्या तोंडी असेल त्याचे हक्क मिळवायचे आणि स्वस्तात विकायचे. स्पायडरमॅन कॉमिकमध्ये अवतरला १९६२ साली. पुढच्याच वर्षी त्याचा खोक्यातला वेश बाजारात होता.

या वेशात एक मजेशीर गोष्ट आहे. झग्यावर त्या पात्राचा पोशाख नसायचा, बऱ्याचदा त्या पात्राचं चित्र असायचं आणि वर त्याचं नावही. म्हणजे डार्थ व्हेडर झालेल्या मुलाच्या छातीवर डार्थ व्हेडरचंच चित्र. आपल्या शर्टावर स्वतःचा फोटो छापून फिरणारा खलनायक तुम्ही कुठे पाहिलाय? ते मूल त्या पात्राच्या कातडीत शिरत नव्हतं, त्याचा फलक गळ्यात घालून चालत होतं. कुठलंही दार उघडलं की समोर उभी असायची एक छोटीशी जाहिरात. मला यात नुसता भोंगळपणा दिसत नाही. सोंग आणि विक्री एकमेकांत कशी मिसळत गेली, याचा हा अगदी उघडा पुरावा आहे.

आता या वस्तूंच्या बाजारात काय घडतं ते बघा. खोकं शाबूत असेल, झगा घडीतून बाहेर आलेला नसेल, दोरी तुटलेली नसेल, तर भाव वाढतो. ‘कधीही न घातलेला’ ही विक्रेत्याची सर्वांत मोठी फुशारकी. विचित्रच आहे हे. बालपणाची आठवण म्हणून जी वस्तू सर्वाधिक मोलाची ठरते, तिला एकाही मुलाचा हात लागलेला नसतो. ज्या मुलाने मुखवट्याच्या आत घाम गाळला, भोकांतून नीट न दिसल्यामुळे पायरीवर ठेचकाळला, त्याचा मुखवटा फाटला आणि कचऱ्यात गेला. जगली ती खोकी पोटमाळ्यावर किंवा दुकानाच्या गोदामात पडून राहिली म्हणून.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. जुन्या वस्तूंवर पोसलेलं स्मरणरंजन आपल्याला भूतकाळ दाखवतं असं वाटतं, पण ते दाखवतं फक्त टिकलेलं. आणि टिकतं ते बहुधा कारखान्यात बनलेलं, पाकीटबंद, नाव छापलेलं. चादरीला भोकं पाडून केलेलं भूत दुसऱ्या दिवशी धुऊन पुन्हा गादीवर जातं. जळक्या बुचाने काढलेल्या मिशा आंघोळीत निघून जातात. त्यामुळे पन्नास वर्षांनी मागे वळून पाहिलं की दुकानच बालपण होऊन बसलेलं असतं.

एक जुना चित्रपट याला चांगला उतारा आहे. १९४४ साली आलेला व्हिन्सेंट मिनेलीचा ‘मीट मी इन सेंट लुईस’ हा स्वतःच स्मरणरंजन आहे. युद्धाने थकलेल्या प्रेक्षकांना तो १९०३ च्या सुखवस्तू घरात घेऊन जातो. त्यातल्या हॅलोवीनच्या प्रसंगात मुलं मोठ्यांचे जुने कपडे अंगावर चढवून रस्त्यात लाकडी सामानाची होळी पेटवतात. धाकट्या टूटीवर कामगिरी येते ती अशी: ज्याला सगळी मुलं घाबरतात त्या शेजाऱ्याचं दार वाजवायचं आणि दार उघडताच त्याच्या तोंडावर पीठ फेकायचं. अंधारातून एकटी चालत जाणारी ती एवढीशी मुलगी आणि सोबतीला वाऱ्याने उडणारा पाचोळा, हा प्रसंग आजही अंगावर येतो. गंमत म्हणजे या संपूर्ण प्रसंगात कुणी कुणाच्या दारात खाऊ मागत नाही. मराठी वाचकाला यात हॅलोवीनपेक्षा शिमगा ओळखीचा वाटेल. पळवलेली लाकडं, जाळ, आणि एका रात्रीपुरती मुलांना मिळालेली वात्रटपणाची मुभा.

खाऊ नंतर आला, आणि आला तो तोडगा म्हणून. १९२० आणि १९३० च्या दशकांत अमेरिका आणि कॅनडातल्या गावांना मुलांच्या खोड्यांचा जाच होऊ लागला, तेव्हा मोठ्यांनी पार्ट्या, मिरवणुका आणि खाऊ पुढे केला. दुसऱ्या महायुद्धात साखरेवर नियंत्रण आलं, ते १९४७ पर्यंत चाललं. त्यानंतरच्या नव्या उपनगरांत दारोदार खाऊ मागण्याची प्रथा खऱ्या अर्थाने फोफावली. पण त्या पहिल्या वर्षांत पिशवीत काय पडायचं? सफरचंदं, शेंगदाणे, सुटी नाणी, घरी भाजलेली बिस्किटं, पाकात वळलेले मक्याच्या लाह्यांचे लाडू. आज हॅलोवीनची खूण मानली जाणारी कँडी कॉर्न, म्हणजे मक्याच्या दाण्यासारखी तिरंगी गोळी, १८८० च्या दशकातली. पण बराच काळ ती बारा महिने खायची साधी गोळी होती. गोलित्झ कंपनीच्या खोक्यावर तर तिचं नाव होतं ‘चिकन फीड’, म्हणजे कोंबड्यांचं खाणं.

मग लाह्यांचे लाडू गेले कुठे? त्यांना भीतीने मारलं. अनोळखी माणसं सफरचंदात ब्लेड खुपसतात, गोळ्यांत विष घालतात, अशा बातम्या १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पसरल्या. १९७४ साली टेक्सासमध्ये एक मुलगा विषारी कँडी खाऊन खरोखरच गेला. पण ते विष अनोळखी माणसाने दिलेलं नव्हतं. विम्याच्या पैशांसाठी ते दिलं होतं त्याच्या सख्ख्या बापाने. १९८२ च्या शरदात शिकागो परिसरात टायलेनॉल या औषधात सायनाइड मिसळल्याने सात जणांचा बळी गेला आणि त्या वर्षीच्या हॅलोवीनवर सावट पसरलं. पालक पिशव्या तपासू लागले, काही इस्पितळांनी कँडीचे फुकट एक्स-रे काढून दिले. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने १९५८ पासूनच्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या तपासून १९८५ साली दाखवून दिलं, की अनोळखी माणसाने हॅलोवीनला वाटलेल्या विषारी खाऊने मूल दगावल्याचं एकही प्रकरण त्याला सापडलं नाही.

भीती खोटी होती, परिणाम खरा होता. घरी केलेला पदार्थ संशयास्पद झाला. कारखान्याचं वेष्टन तेवढं विश्वासाचं उरलं. शेजारणीच्या हातापेक्षा छापील कागदावर भरवसा ठेवायचा, हे एका पिढीने शिकून घेतलं. आज संग्राहक काचेखाली जपतात ती नेमकी ही वेष्टनं. माझ्या मते ती गोडव्याची निशाणी कमी आणि तुटलेल्या शेजाराची जास्त आहेत.

त्याच वर्षी, १९८२ च्या ऑक्टोबरात, ‘हॅलोवीन ३: सीझन ऑफ द विच’ प्रदर्शित झाला. टॉमी ली वॉलेस दिग्दर्शक. गोष्ट अशी की सिल्व्हर शॅमरॉक नावाची कंपनी भोपळा, चेटकीण आणि कवटी असे तीन मुखवटे देशभर विकते. टीव्हीवर त्यांची सतत वाजणारी, डोक्यातून न जाणारी जाहिरात. हॅलोवीनच्या रात्री मुखवटा घालून टीव्हीसमोर बसायचं एवढंच मुलांनी करायचं असतं, आणि तोच त्यांचा मृत्यू असतो. चित्रपट म्हणून तो ओबडधोबड आहे, उत्तरार्धात तर्क गुंडाळून ठेवतो. मालिकेचा नेहमीचा खुनी मायकल मायर्स यात नाही म्हणून तेव्हाच्या प्रेक्षकांनीही नाकं मुरडली. पण त्याने जे ओळखलं ते बाकीच्यांनी ओळखलं नव्हतं: धोका अंधारातल्या अनोळखी दाराशी नाही, दिवाणखान्यातल्या ओळखीच्या जाहिरातीत आहे. आणि नियतीचा विनोद बघा, आज त्याच तीन मुखवट्यांच्या प्रतिकृती चाहते हौसेने विकत घेतात.

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी हे जग पाहिलं ते ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधून. २०१७ साली आलेल्या दुसऱ्या सीझनमध्ये १९८४ चं हॅलोवीन आहे आणि चार मित्र घोस्टबस्टर्सचा वेश करून शाळेत जातात. सगळं कसं सुबक, गोड, जसंच्या तसं. पण मला लक्षात राहिला तो त्या गोडव्याला टाचणी लावणारा क्षण. माइक आणि लूकस दोघंही व्हेंकमन होऊन आलेत. माइकचं म्हणणं, लूकसने विन्स्टन व्हायला हवं होतं. का, असं लूकस विचारतो, आणि माइकची बोबडी वळते. लूकस कृष्णवर्णीय आहे, चित्रपटातला विन्स्टनही. कोणी कोण व्हायचं हे सोंगाच्या रात्रीही आधीच ठरलेलं असतं. त्या जुन्या खोक्यांतही भूत-चेटकिणींच्या रांगेत ‘इंडियन’ आणि ‘जिप्सी’ विकले जात होतेच. आठवणीचा फिल्टर लावला की हे प्रश्न हमखास धूसर होतात.

स्वेतलाना बॉइमने ‘द फ्यूचर ऑफ नॉस्टॅल्जिया’ या २००१ च्या पुस्तकात स्मरणरंजनाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक, हरवलेलं घर पुन्हा जसंच्या तसं उभारू पाहणारं. दुसरं, त्या ओढीकडेच थांबून बघणारं, तिच्यातल्या भेगांसकट. खोकं विकत घेणं हा पहिला प्रकार. लूकसचा प्रश्न हा दुसरा. वाचक म्हणून, प्रेक्षक म्हणून मला दुसरा हवा आहे. पहिला वाईट आहे म्हणून नव्हे, तर तो फार लवकर समाधानी होतो म्हणून.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर एक योगायोग सांगते. २०२४ साली ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती. अमेरिकेतल्या मराठी घरांत त्या दिवशी एकीकडे फराळाचे डबे आणि दुसरीकडे दाराशी पाकीटबंद चॉकलेटांचं भांडं, असा दुहेरी सण आला. त्या घरांतली मुलं मोठी होऊन कशाची आठवण काढतील? आणि इथली मुलं? दिवाळीत शेजारी ताट पाठवायचं, वर विणलेला रुमाल झाकायचा, आणि ते ताट कधी रिकामं परत करायचं नाही, ही रीत आपल्याकडे अजून पुरती गेलेली नाही. पण तिची जागा भेटवस्तूंची चकचकीत, सीलबंद खोकी झपाट्याने घेत आहेत. चाळीस वर्षांनी संग्राहकांच्या हाती लागतील ती ही खोकी. त्यांचेही व्हिडिओ निघतील आणि कुणीतरी ते बघत हळहळेल. शेजारच्या काकूंच्या चकलीचा तेव्हा लिलाव होणार नाही, कारण ती त्याच संध्याकाळी संपलेली असेल. खोकं परत द्यावं लागत नाही. ताट मात्र परत द्यायला पुन्हा त्या दारापर्यंत जावं लागतं.