‘रणांगण’मधील युद्धमानस : एक पुनर्विचार

अमरावती येथे जन्मलेल्या विश्राम बेडेकर (1906–1998) यांच्या ‘रणांगण’ (1939) या कादंबरीचा विचार मराठी समीक्षेत प्रामुख्याने प्रेमशोकांतिका म्हणून झालेला आहे. युद्धाच्या मानसशास्त्राच्या अंगाने पाहिल्यास मात्र चक्रधर विध्वंस आणि हॅर्टा यांची कथा अधिक अस्वस्थ करणारी ठरते.

कादंबरीत एकही लढाई नाही. युरोपातून पूर्वेकडे निघालेली बोट, तीवर मायदेशी परतणारे हिंदी प्रवासी आणि जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, एवढाच तिचा अवकाश. दुसरे महायुद्ध सप्टेंबर 1939 मध्ये सुरू झाले. पण 1935 च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व आणि ज्यू-जर्मन विवाहाचा हक्क आधीच काढून घेतला होता. शेजारी प्रथम केवळ ‘जमात’ ठरतो आणि मग त्याला शत्रू ठरविणे सोपे जाते. तोफांपूर्वीची ही मानसिक तयारी बेडेकरांनी नेमकी हेरली आहे.

विशेष म्हणजे नायकही या प्रक्रियेपासून मुक्त नाही. उमेकडून झालेल्या प्रेमभंगाचे शल्य तो समस्त स्त्रीजातीच्या नावे मांडतो. एक दुखावलेला तरुण आणि एक संहारक राज्ययंत्रणा यांची तुलना अर्थातच परिणामांच्या पातळीवर होऊ शकत नाही. परंतु एका व्यक्तीचा राग संपूर्ण समूहावर लादण्याची मनाची क्रिया दोन्हीकडे सारखीच आहे. ‘विध्वंस’ हे आडनाव म्हणूनच केवळ योगायोगाचे वाटत नाही.

हॅर्टाच्या सहवासात त्याचे हे कवच गळून पडते. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये पूर्वग्रहांविषयी जी मांडणी केली, तीनुसार भिन्न समूहांतील संपर्काने पूर्वग्रह कमी होतात. मात्र त्यासाठी समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्पर सहकार्य आणि सत्तेचे वा कायद्याचे पाठबळ आवश्यक असते. बोटीवर संपर्क आहे, काही काळापुरती समानताही आहे. पाठबळ मात्र नाही. मुंबई बंदर येताच चक्रधर उतरतो, हॅर्टा बोटीवरच राहते. पुढे तिची पत्रे येतात आणि ती समुद्रात जीव देते.

येथे समीक्षेने एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. चक्रधर स्वतः पारतंत्र्यातील देशाचा नागरिक आहे. निर्वासितांना प्रवेश द्यावयाचा की नाही, हा निर्णय ब्रिटिश सरकारच्या हाती होता. त्याच्या भावनिक दुबळेपणाची चर्चा करताना ही राजकीय असहायता गृहीत धरावी लागेल. तिने त्याचा दोष संपूर्णपणे धुऊन निघतो असे मात्र नव्हे. हॅर्टाच्या मृत्यूचे स्पष्टीकरण ‘नियती’ या एका शब्दात देणारे वाचन बंदरावरील परवान्याचा प्रश्न वगळूनच पुढे जाते.