कुरसुराच्या पोटात काय उरलंय?

मंडळी, सावनेरला समुद्र नाही. आमच्याकडे कोलार नदी आहे आणि जमिनीखाली कोळशाच्या खाणी. तरी आज पाणबुडीवर बोलायचं, कारण आपल्यापैकी जे विशाखापट्टणमला जाऊन आले त्यांच्या फोनमध्ये तिचा एक तरी फोटो असणारच. आयएनएस कुरसुरा. सोव्हिएत बनावटीची, फॉक्सट्रॉट वर्गातली, ९१ मीटर लांब. १८ डिसेंबर १९६९ ला नौदलात आली, १९७१ च्या युद्धकाळात अरबी समुद्रात गस्तीला होती, २७ फेब्रुवारी २००१ ला निवृत्त झाली. पुढच्या वर्षी रामकृष्ण बीचच्या वाळूवर ओढून आणली आणि काँक्रीटच्या पायावर बसवली. ऑगस्ट २००२ पासून ती लोकांसाठी खुली आहे.

आता परीक्षण. पाणबुडीचं सगळं शास्त्र एका गोष्टीवर उभं असतं: भोक नको. आणि ती लोकांना दाखवायची म्हटलं की पहिलं काम काय, तर भोक पाडणं! एका बाजूला जिना लावून आत जायचं, दुसऱ्या बाजूने बाहेर पडायचं. याला इलाज नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण त्या दारातून उजेड आणि वारा आत येतो, आणि पाणबुडी जिच्यामुळे पाणबुडी होती ती गोष्ट तिथेच संपते. टॉर्पेडोच्या नळ्या दिसतात, झडपा, चाकं, घड्याळासारख्या तबकड्या, एकावर एक बिछाने, सगळं दिसतं. दिसत नाही ती हवा. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून पाण्याखाली सगळा कारभार बॅटरीवर. बॅटरी उतरली की वर यावं लागतं, आणि वर आलं की शत्रूला दिसण्याची भीती. सत्तर-पंचाहत्तर माणसं, गोडं पाणी मोजून, अंगाला डिझेलचा वास. असे आठवडेच्या आठवडे. आपण मात्र रांगेतून पंधरा-वीस मिनिटांत पार होतो.

सावनेरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही खरं तर. वेकोलि आणि एमटीडीसीने आपल्या भूमिगत खाणीत पर्यटक न्यायला सुरुवात केली, तेव्हा बाहेरचे लोक डोक्यावर दिव्याची टोपी घालून खाली उतरले. तिथे वारा यंत्राने खेळवावा लागतो, आणि ते यंत्र थांबलं तर काय, हा विचार आपोआप येतो. चालू खाण आणि वाळूवरची पाणबुडी यांत हा फरक आहे. खाणीत धोका अजून जिवंत आहे. कुरसुरात त्याच्या जागी पुतळे उभे आहेत.

मग जावं की नाही? जावंच. कारण तिथे निवृत्त नौसैनिक वाटाडे म्हणून असतात, आणि आमच्या मते खरं संग्रहालय तेच आहे. फलकावरचं वाक्य कसं असतं? 'खलाशी येथे झोपत असत.' आणि पाणबुडीवर नोकरी केलेला माणूस म्हणतो, 'हम यहाँ सोते थे.' क्रियापद बदललं, बस्स. त्या एका 'हम'ने बिछाना एकदम अरुंद होतो. आम्ही तिथे फोटो काढणं थांबवलं.

पण बघा, आपल्या नौदलातली शेवटची फॉक्सट्रॉट, वागली, डिसेंबर २०१० मध्ये निवृत्त झाली. १९७१ ला विशीत असलेला खलाशी आज पंच्याहत्तरीच्या घरात आहे. लोखंडाला रंग दरवर्षी लावता येतो. या माणसांचं काय?

आपल्या राज्याने तर लोखंडही राखलं नाही. विक्रांत मुंबईत काही वर्षं संग्रहालय होती. २०१२ ला सुरक्षेच्या कारणाने बंद, २०१४ ला भंगारात. तिचं पोलाद वितळून मोटरसायकलीत गेलं, आणि त्या गाड्यांची जाहिरात आपण अभिमानाने पाहिली. तिच्यावर काम केलेली माणसं तेव्हा मुंबईत होती, अजूनही असतील. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला पोलादाइतका खर्च येत नाही.

तेव्हा कुरसुरा बघायला गेलात तर रांग पुढे जाऊ द्या, वाटाड्याजवळ थांबा. हवा जड झाली की पहिलं काय जाणवायचं, ते विचारा. आणि इथे घरात कुणी खाणीतून निवृत्त झालं असेल, तर हाच प्रश्न त्यांनाही विचारून बघा. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.